गिरणीवरचं इंग्रजी

“काकू, इफच्या पाठोपाठ विल येत नाही, किती वेळा सांगू!” सर माझ्यावर असे गरजले, की मानपाड्यातल्या त्या इंग्रजीच्या क्लासखालची पिठाची गिरणीसुद्धा क्षणभर दचकली. गरम पिठाचा वास आला की मला अजून ती संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, आणि घरी भजनाला जाते असं सांगून मी महिनाभर इथे येत होते. कारण ‘या वयात इंग्रजी कशाला?’ असं सासूबाईंनी आधीच बजावलेलं. क्लासचा नियम असा, की चुकणाऱ्याने गॅलरीतून बरोबर वाक्य रस्त्याला ऐकवायचं. मी कठड्याशी गेले, तर खाली दळणाच्या रांगेत डबा घेऊन साक्षात सासूबाई! आमच्या नेहमीच्या गिरणीचा पट्टा नेमका त्याच दिवशी तुटलेला. रांग माना वर करून फिदीफिदी हसायला लागली. तेव्हा पळाले असते, तर इंग्रजी कायमचं सुटलं असतं. म्हणून पार टिटवाळ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात मी ओरडले, “इफ यू लाफ, आय विल कम टुमॉरो ऑल्सो!” सासूबाईंनी शांतपणे डबा खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, “भजन संपलं की दळण घेऊन ये.”