शेवटच्या हाकेची जागा

पाखरू ओरडायला लागलं की आमचे मुलुंडचे आप्पा त्याच्याकडे पाठ करून बसायचे. तोंड टेपरेकॉर्डरकडे. त्यावर एक हिरवा दिवा होता, त्याला ते डोळा म्हणत. आवाज चढला की डोळ्याची फट बारीक व्हायची; पुरती मिटली की टेपवर आवाज फाटला म्हणून समजा.

आप्पा रेडिओ दुरुस्त करायचे. मी शेजारच्या खोलीतला, चिपळूणहून आलेला कारकून. हेडमास्तरांच्या नकला करून त्यांच्याच हातच्या छड्या खाल्लेला. अंगणातल्या आंब्याला माईक बांधलेला. पाखरू काही तालमीला येत नाही, म्हणून आधी मी माईकसमोर पावशा व्हायचो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ हळू सुरू करून सातव्या हाकेला गळ्याच्या शिरा फुगवायच्या. आप्पा आवाजाचं बटण लावायचे ते त्या सातव्या हाकेवर, तिलाही डोळा मिटू नये असं. म्हणायचे, “पहिल्या हाकेवर भुलायचं नाही. शेवटचीला जागा ठेवायची.” काकू खिडकीतून विचारायच्या, “झालं का रे पेरून? मग चहा घ्या.”

आप्पांचे कान जात चालले होते. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर. त्याआधी त्यांना एक पावशा स्वच्छ धरून ठेवायचा होता.

त्या वैशाखात खरा पावशा आंब्यावर बसला. हेडफोन माझ्या कानांवर. पहिली हाक अगदीच बारीक. मी म्हटलं, “आप्पा, ऐकूच येत नाही, वाढवा ना.” माझ्या कानांवर भरवसा ठेवून त्यांनी वाढवलं. पाचव्या हाकेला डोळा मिटला. टेपवर नुसती पत्रा फाटल्यासारखी खरखर. आप्पा म्हणाले, “गाढवा, तू आपला हेडमास्तरच कर.”

पुढच्या वैशाखात त्यांना काहीच ऐकू येईना. पावशा आला, मी नुसती बोटाने खूण केली आणि तोंड गच्च मिटलं. आप्पांनी नुसत्या हिरव्या डोळ्याकडे बघून काम केलं. मग टेप वाजवली.

“कसा आलाय रे?”

मी त्यांचा तळवा धरून स्पीकरच्या कापडावर ठेवला. सातवी हाक झाली तसे ते हसले. “जागा उरली,” म्हणाले.

आता आप्पा-काकू लेकीकडे नागपूरला असतात. गणपतीत मी पावशा करतो तेव्हा मागून कुणीतरी ओरडतंच, “ए, मोठ्याने कर ना यार.”

मी सांगतो, “थांब रे. अजून सहा हाका आहेत.”