बंद फाटकाखालून

तिशीच्या आत होतो तेव्हा मी सायकलने ऑफिसला जात असे, आणि वाटेतलं रेल्वे फाटक नेमकं माझ्याच वेळेला बंद होई. कोळशाची मालगाडी यायची असायची. आम्ही सगळे शहाण्यासारखे उभे राहायचो. एक इसम मात्र कधीच थांबला नाही. तो सायकल आडवी करून दांड्याखालून सरकवायचा, स्वतः वाकून निघायचा, टोपी सावरायचा आणि पलीकडे जाऊन वर शीळ घालायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नावं मात्र रोज ठेवली. घरी बायकोला सांगायचो, "तरुणपणी ज्याला धीर नाही, त्याचं म्हातारपण दवाखान्यात जातं. बघशील तू."

पंधराएक वर्षांनी तो रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात माझ्याच बाकावर येऊन बसला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"काय, ब्लडप्रेशर ना?" मी गोड आवाजात विचारलं.

"नाही गा भाऊ. बायकोचा गुडघा दुखते, तिले दाखवाले आणलं. मले काय होते?" मग त्याने मला नीट न्याहाळलं. "तुमी फाटकापाशी दात-ओठ खात उभे राहत होते ना? मी तं निघून जात होतो. तुमी काहून तिथं तापत होते रोज?"

"मी शांतपणे थांबत होतो!" मी ओरडलो. सगळा दवाखाना माझ्याकडे पाहू लागला.

तेवढ्यात माझा नंबर आला. नर्सने दंडाला पट्टा बांधला, पारा दोनदा पाहिला आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.