बुधवारचा चहा

वाशीच्या खवाभट्टीवर मच्छिंद्रकाका कढई हलवतात. दूध आटेल, पण काकांचं बोलणं आटायचं नाही. दर बुधवारी काकांसह भट्टीवरचे चौघे कामगार चहा सोडायचे आणि वाचलेल्या चाळीस रुपयांचं लॉटरीचं तिकीट घ्यायचे. ते चौघांतल्या बजरंगच्या खिशात राही, कारण त्याच्या हाताला गुण आहे अशी भट्टीची श्रद्धा. पाच लाख लागले आणि बजरंग बुधवारच विसरला; तिकीट माझं एकट्याचं म्हणाला. उरलेले तिघे कोर्टात गेले. काकांच्या लेकीच्या, श्रावस्तीच्या नर्सिंग प्रवेशाची फी भरायची मुदत सुनावणीच्याच आठवड्यात, शुक्रवारी संपत होती.

"पुरावा?" बजरंगच्या वकिलानं कोर्टात विचारलं.

"आमी चहा पिलो न्हाय, ह्योच!" काका म्हणाले.

साक्षीला आलेला हॉटेलवाला म्हणाला, "पिलेले कप सांगतो साहेब. न पिलेले कसे सांगू?"

बाहेर बजरंगच्या वकिलानं त्याच्यापुढं चहा धरला.

"नको, आज बुधवार हाय," बजरंग सवयीनं बोलला आणि पांढराफटक पडला.

काका आपल्या वकिलाकडं धावले. "ऐकलं का? सोताच बोलला!"

"ऐकलं काका. पुढच्या तारखेला विचारू त्याला."

"कधी हाय तारीख?"

"दोन महिन्यांनी."

काका मटकन पायरीवर बसले. कुणीतरी तोच कप त्यांच्यापुढं केला. काकांनी नकारार्थी मान हलवली. बुधवार होता.