झील म्हणजे तलाव नव्हे

मैत्रिणीचा फोटो पेपरात आला की मी आधी ती जाडी झाली का ते बघते. मग बातमी वाचते. बातमी चांगलीच असते, त्यामुळे चहा कडू लागतो.

ती सॅक्सोफोन वाजवते आणि गातेही. चर्चमधली प्रार्थनेची गाणी जॅझच्या अंगाने. त्याला गॉस्पेल जॅझ म्हणतात, हे मला तिच्याच मुलाखतीतून कळलं. ती बंगळुरात राहते, वर्षातून काही महिने परदेशात असते. मी भिलाईतच आहे. शाळेत संगीत शिकवते आणि जयंतीला आमच्या भीमगीतांच्या पार्टीत पुढे उभी राहून गाते. गाणं मला तिच्याआधी येत होतं. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात.

लहानपणी भिलाईतल्याच कोहका वस्तीत आमच्या भिंतीला लागून तिच्या घराची भिंत होती. तिचे बाबा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे, आई नर्स. घरी बोली छत्तीसगढी, रविवारी चर्च. आईबाप दोघंही कामावर, म्हणून शाळा सुटली की ती आमच्याकडे. मराठी ती आमच्याच स्वयंपाकघरात शिकली, आणि माझ्या आईला आईच म्हणायला लागली. सुकटीची चटणी केली की आई पहिला घास तिला द्यायची. "पाहुनी हाय ते," म्हणायची. रोज येणारी कसली पाहुणी!

माझी आई भंडाऱ्याकडची. विहारातल्या बायकांच्या गाण्यात ती झील धरायची. म्हणजे पुढची बाई ओळ म्हणते, आणि मागच्या दोघीतिघी त्या ओळीचं शेपूट पकडून ती पुन्हा वर उचलतात. पुढच्या बाईला तेवढ्यात श्वास मिळतो. आई कधीच पुढे उभी राहिली नाही, पण ती आली नाही तर पुढचीचं गाणं आपटायचं, असं बायका म्हणायच्या.

संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ती आम्हा दोघींना बसवायची. मला शब्द पाठ, म्हणून मी पुढे. मैत्रिणीला शब्द येत नसत, म्हणून ती झिलीवर. आणि ती माझी ओळ संपायच्या आधीच घुसायची. शब्द नाही तर नुसता "आ" लावून, कुठूनही. मी चिडून थांबायची. "अवो, माहं होऊ दे ना आधी!"

आई हसायची. "धरू दे वो तिले. मजा येऊन राहिली."

माझी ओळ संपायच्या आधी तिच्या घुसण्यात आईला मजा यायची. माझ्या पाठ असलेल्या सगळ्या कडव्यांवर आई अशी कधी हसली नव्हती.

पुढे तिच्या बाबांनी बँडमधला जुना सॅक्सोफोन तिला दिला. त्याची एक कळ रबरबँडने बांधलेली होती. ती तो चर्चमध्ये वाजवू लागली आणि तिथेही तेच. लोक गात असताना मध्येच घुसायचं. "बीच में काहे को घुसती है?" म्हणून तिला ओरडा बसायचा, आणि ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी पोटभर जेवले होते. मग ती बंगळुरात गेली. सकाळी चर्चमध्ये वाजवायची, संध्याकाळी हॉटेलात. ज्यासाठी इथे ओरडा खाल्ला त्यासाठीच तिथे टाळ्या पडू लागल्या. तिचा स्वतःचा ग्रुप झाला, गाण्यांचा पहिला अल्बम आला. अल्बमचं नाव तिने ठेवलं 'झील'.

इथल्या हिंदी पेपरवाल्याने तिची फोनवर मुलाखत घेतली. तिने सांगितलं असणार की भिलाईत आईकडून झील शिकले. हिंदीत झील म्हणजे तलाव. दुसऱ्या दिवशी छापून आलं की कलाकाराने बचपनमध्ये झील के किनारे, माँ के पास बैठकर संगीत सीखा. कोहक्यात तलाव! आमच्या गल्लीत पाणी साचायचं ते फक्त सार्वजनिक नळाखाली, आणि तिथे बसून गाणं नाही, भांडणं शिकता यायची. मी हसून हसून लोळले. शिवाय 'माँ' म्हटल्यामुळे श्रेय गेलं तिच्या नर्स आईकडे. माझी आई माझीच राहिली. ते कात्रण मी फ्रीजवर चिकटवलं. कौतुकाने चिकटवलं असं घरच्यांना वाटलं.

गेल्या नाताळाच्या सुमाराला तिचा कार्यक्रम इथल्याच एका चर्चच्या हॉलमध्ये ठरला. पोस्टरवर निळा तलाव, त्यात दोन हंस. तिने फोन केला तो आईला, मला नाही. आईने कपाटातून पांढरी, निळ्या काठाची साडी काढली.

"आई, हे तं जयंतीची साडी होय ना!"

"मंग? पोरीचं काम हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आईला एकटीला पाठवणार कशी? गेले.

पहिला तासभर मी चुका शोधत बसले. कान तयार आहे माझा, मुलांची बारीकशी कणसूर जागाही सोडत नाही मी. एकही चूक सापडली नाही. यासारखा त्रास दुसरा नाही.

मग तिने सॅक्सोफोन खाली ठेवला आणि माइक घेतला. "पोस्टर पे इन लोगों ने तालाब छाप दिया है," ती म्हणाली. लोक हसले. तिने झील म्हणजे काय ते सांगितलं आणि एकदम आमच्या स्वयंपाकघरातल्या मराठीत हाक मारली. "आई, कोठी बसली वो तू? मी म्हनून राहिली, तू धरजो."

तिने प्रार्थनेची एक ओळ अर्धी म्हटली आणि थांबली.

आईने तिची पर्स माझ्या मांडीवर ठेवली, एक हात कानाला लावला आणि बसल्या जागेवरून ती ओळ उचलली. चर्चच्या गाण्याचे शब्द तिला कुठले येणार? तिने फक्त शेवटचा शब्द पकडला आणि नुसत्या "आ"वर वर नेला. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो अजून आहे हेच मला माहीत नव्हतं. मागे ड्रम लागला, मैत्रीण पुन्हा अर्धी ओळ म्हणाली, आईचा आवाज पुन्हा धावून गेला. लोक उभे राहिले. मी दोन पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले.

परत येताना ऑटोत माझ्याने राहवलं नाही. "दर जयंतीले मी गाते. तू पुढच्या रांगेत पुतळ्यावानी बसते. माह्यासाठी कधी धरली झील?"

"कोठी धरू?" आई म्हणाली. "तू जागाच सोडत नाही. सारं सोताच म्हनते." भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं आणि बाहेरचे दिवे बघायला लागली.

सकाळी स्मृती नगरच्या आमच्या आताच्या घरात मी पेटी काढली. आई आत मेथी निवडत होती. मी जयंतीचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ अर्धी म्हटली, शेवटचे शब्द मुद्दाम सोडले आणि थांबले. भात्यावरचा हात तसाच ठेवून स्वयंपाकघराकडे कान लावला.

आत मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज थांबला.

"कावून थांबली वो?" आईने विचारलं. "इसरली का?"