सरकी आणि चिंचोके

अर्धवट राहिलेली गोष्ट नेमकी सोडल्या जागेवरून पुन्हा उचलावी, तर ती माझ्या अकोल्याच्या घरमालकिणीच्या थोरल्या भावानेच. सारं आवार त्यांना मामाजी म्हणे. बहिणीशी चाललेलं भांडण जेवणासाठी थांबलं, तर हात धुऊन आल्यावर ते शांतपणे म्हणत, "हं, तू मले हेकट म्हणत होती. बोल पुढं." तेल्हाऱ्याच्या बाजाराची हकिगत सांगताना कोणी मध्येच उठलं, तर चार दिवसांनी त्याला रस्त्यात गाठून "अन् मंग त्या बैलानं" अशी सुरुवात करत. ऐकणारा बैल कधीच विसरलेला असे. मामाजींचा बैल मात्र तिथंच शेपटी उचलून उभा.

भाडेकरूंचे तंटे तेच सोडवत. नियम तोंडपाठ. कामाला लवकर जाणाऱ्याचं पाणी पहिलं. पण घरात कोणी आजारी असेल, तर ते घर सगळ्यांच्या आधी. पण तो आजारी ओट्यावर विडी ओढताना दिसला, तर पुन्हा पहिला नियम लागू. बैठक संध्याकाळी बसे आणि दिवे लागले की उठे, तंटा मिटो न मिटो. समोर एक पाट असायचा. एखादी गोष्ट दोघांना मान्य झाली की त्यावर दाणा पडे: तक्रार करणाऱ्याच्या बाजूची असेल तर चिंचोका, दुसऱ्याच्या बाजूची असेल तर सरकी. उठताना पाटावर टोपली पालथी घालायची, दुसऱ्या दिवशी ती उचलून तिथूनच पुढं. "दाना पडला का तोंड बंद," असा त्यांचा कायदा.

मी सावंतवाडीकडचा, आठवीतून शाळा सोडून इथल्या जिनात कापसाच्या गाठी बांधायला लागलेला. आवारातली माझी भाड्याची खोली गेली असती तर अकोल्यात मला दुसरं दार नव्हतं. आईच्या आजारपणासाठी गावी जाऊन परतलो, तर शेजारचे शिंपीदादा माझी खोली मागत होते. त्यांच्याकडे सून यायची होती. नियम असा, की सामान ठेवून जाणाऱ्याची खोली राहते, सगळं घेऊन जाणाऱ्याची जाते. आणि खोली तर रिकामी सापडलेली, त्यामुळे पाटावर चिंचोके आधीच पडलेले. नशिबानं कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला आलेला अचलपूरचा कारागीर बैठकीला हजर होता. छप्पर गळत होतं म्हणून याची वळकटी आपणच मागच्या पडवीत टाकली, असं त्यानं सांगितलं. शिंपीदादांनी मान हलवली, सरकी पडली. कारागीर मोटारीनं गावी गेला. मी परत येणार असं सांगून गेलो होतो का, हे घरमालकिणीला विचारायचं राहिलं आणि दिवे लागले.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो टोपली बाजूला पडलेली आणि घरमालकिणीची शेळी निवांत रवंथ करत असलेली. सरकी दिसली की जनावर थांबत नाही हे साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक. पाटासमोर बसलेल्या मामाजींना तेवढं सुचलं नव्हतं. माझ्या बाजूचं सगळं शेळीच्या पोटात, पाटावर नुसते चिंचोके. कोणीतरी म्हणालं, आता पहिल्यापासून घ्या. पण कारागीर तर अचलपुरात.

"पयल्यापासून काहून?" मामाजी म्हणाले. "काल झालं ते काय शेळीनं खाल्लं? बसा आपापल्या जागी." मग त्यांनी एकेकाला कालच्या जागेवर बसवलं. माझी मांडीसुद्धा बदलायला लावली. शिंपीदादांच्या हातात सदरा दिला. "तुमी बटन लावून राह्यले होते. लावा." बहिणीला म्हणाले, "तू खांबाले टेकून होती, अन् कपाळाले आठी होती."

"ते आजबी हाये," ती म्हणाली.

कारागिराच्या जागेवर त्यांनी रिकामं पोतं अंथरलं आणि विचारलं, "शिंपीभाऊ, यानं काय सांगतलं?"

शिंपीदादांची सुई चालत राहिली. आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी सुनेला खोली मिळत होती. त्यांनी दातानं दोरा तोडला. "वळकटी त्यानंच उचलली म्हने. म्या मान हालवली होती." आणि स्वतःच उठून सरकी शोधायला लागले.

"सरकी नको आता," मामाजी म्हणाले. "खडा ठेवा."

घरमालकिणीनं आठी न मोडता सांगितलं, पोरगा परत येतो म्हणून गेला होता. माझी खोली राहिली. सुनेसाठी मामाजींनी आपली पुढची खोली दिली आणि स्वतः ओट्यावर खाट टाकली.

पुढं मला अमरावतीला काम लागलं. निघताना पाया पडून म्हणालो, "मामाजी, तुमच्यामुळे खोली मिळाली होती."

"मिळाली काहून? तुहीच होती ना."

त्यानंतर मी पुष्कळ गावांत, पुष्कळ खोल्यांत राहिलो. कुठल्याच खोलीबद्दल मला कोणी 'तुझीच' असं म्हटलं नाही.