दोन शोकपत्रे, एकच खिडकी

शालिनी विद्याधर उकिडवे, तुझ्या निधनाचे दुःख कळवणाऱ्या सगळ्यांवर माझा विश्वास नाही.

आज तुला जाऊन एक महिना झाला.

तू दिल्लीत वकिली करत होतीस, एवढे गावाकडच्या स्नेह्यांना ठाऊक आहे. तुझी शेवटची याचिका गाड्यांच्या धुराविषयी होती. चाचणी प्रयोगशाळेत होते, तशीच ती भर रस्त्यावरही व्हावी, एवढीच मागणी.

त्या खटल्यात 'आमचेही म्हणणे ऐका' असे दोन अर्ज आले.

एक वाहन उत्पादकांच्या संघटनेचा. दुसरा कुठल्याशा नागरिक मंचाचा. 'आमचा कोणत्याही उत्पादकाशी संबंध नाही' असे शपथेवर सांगणारा.

उत्पादकांना तू विरोध केला नाहीस.

"त्यांचं नुकसान होणार, त्यांनी बोलायलाच हवं. स्वतःच्या नावाने बोलतायत ना!"

मंचाचा अर्ज मात्र तू शेवटच्या पानापासून वाचलास. तुझी जुनी सवय. आधी शिक्का, मग सही, मग मजकूर.

"अहो, हे नागरिक कधी बसमध्ये चढलेले वाटत नाहीत."

मी तुझा नवरा, निवृत्त केंद्रीय कर्मचारी. म्हणालो, "शालिनी, संशय म्हणजे पुरावा नव्हे."

"बिल्कुल नव्हे. पण पहिलं पान वाचून सही ठोकणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या जिवावरच असले मंच चालतात!"

तू हसलीस. मला राग आला. तो मी दोन दिवस धरून ठेवला, हे इथे नमूद करतो.

तू गेल्यावर आठवड्याने मंचाच्या एका गृहस्थांचा फोन आला. अत्यंत नम्र.

"सर, मॅडम के पेपर्स समेटने में कोई मदद चाहिए?"

न्यायालयातले तुझे चेंबर कधी रिकामे करायचे आहे, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते.

मी आभार मानले आणि नकार दिला.

पुढे तुझी ज्युनिअर फरहाना आणि मी चेंबरमध्ये कागद बांधत असताना टपालात दोन शोकपत्रे सापडली. एक संघटनेचे, एक मंचाचे. भाषा दोन्हींची सुरेख.

मी पाकिटे उलटी केली. का, ते तुला सांगायला नको.

मागे कुरिअरच्या पावत्या चिकटवलेल्या. गुरुग्रामची एकच शाखा, एकच दिवस.

पावत्यांचे क्रमांक लागोपाठचे.

एकाच खिडकीवर, एकामागून एक, तुझ्याबद्दल दोनदा दुःख झाले होते.

फरहाना लातूरची, एरवी तोंड मिटत नाही. आधी तिने दोन्ही पावत्यांचे फोटो काढले.

मी विचारले, "हा पुरावा होतो का?"

"नाही काका. पण तुमचं टपाल कोण टाकतं, एवढं तर मंचाला विचारता येतं ना?"

आज सकाळी तिने न्यायालयात तेच विचारले.

मंचाच्या वकिलांनी उत्तरासाठी मुदत मागितली. मिळाली. याहून अधिक काही झाले नाही, आणि मी काही गृहीत धरत नाही.

मात्र साध्या प्रश्नाला मुदत का लागावी, हे मलाही आता कळते. तुला सांगायला एक महिना उशीर झाला.

दुपारी चेंबर सोडल्याचे पत्र सहीसाठी पुढे आले. मी ते शेवटच्या पानापासून वाचले.

कारकून म्हणाला, "अंकलजी, दो ही तो पन्ने हैं।"

दोन्ही वाचले. मग सही केली.

शालिनी, माझा तुला अखेरचा नमस्कार.

तुझ्या फायली फरहानाकडे आहेत. साडेतीन वाजता दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या कार्यालयात परत केल्या.