चिमट्याचा दुसरा दांडा

"काहून बे धावजी, तू तं म्हने खच्ची केलता याले. मंग हे काय हाय?"

"केलता न, बापूजी. तुमच्यासमोरच केलता."

"माह्यासमोर केलता, आन् माह्यासमोरच थो शेजाऱ्याच्या गाईवर चढला! पोळ्यात, तोरनाखाली, अंगावर झूल घालून! सारं गाव पाहून राह्यलं व्हतं. आवराले गेलो तं मलेच पाडलं. हे पाय, खांद्याचं हाड."

बापूजींनी गळ्यात अडकवलेला हात पुढे केला. तांड्यातली दोन-चार माणसं तोंड फिरवून हसली. धावजी हसला नाही. बाजेवरून उठायचं त्याच्या जिवावर आलं होतं, तरी उठला आणि गोऱ्ह्याच्या मागे जाऊन वाकला. एक गोटी वाळून सुपारीएवढी झालेली, दुसरी जशीच्या तशी. मान जाड, वशिंड ताठ. अर्धा बैल आणि अर्धा सांड. वाकलेल्या माणसाला वर यायला गोऱ्ह्याच्याच पाठीवर हात टेकावा लागला.

"थंडी पडू द्या. माशा कमी झाल्या का पुन्हा करून देतो."

"आन् पुन्हा चुकला तं?"

"नाई चुकत."

"बैलायची हाय लागली तुले, धावजी. जनमभर त्यायच्या नसा चेंदल्या." बापूजी दोर हातात घेत म्हणाले. "अवंदा चुकला तं मी पुसदहून डाक्टर आनीन. मंग तुले कोन बलावते, थे मी पाह्यतो."

खोटं काहीच नव्हतं त्यात. धावजी राठोडला पुसदच्या खालच्या गावांत जो तो ओळखत होता तो एवढ्या एका कामावरून. बाप गोऱ्हे दगडाने बडवायचा. गोऱ्हा दिवसभर कण्हायचा. धावजी जनावरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरच्या हाताखाली लोखंडी चिमटा शिकला, तेव्हा म्हातारे म्हणाले, पोरगं दयाळू निघालं. चिमटा चांगला हातभर लांब. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. आतली नस तेवढी चेंदली जाते. पण दांडे एकमेकांजवळ आणायचे तर जोर छातीतून यावा लागतो. नस तुटली की दांड्यातून तळहाताला 'कट्' असं समजतं. कानाला नाही, हाताला.

बापूजींच्या गोऱ्ह्याच्या वेळी पहिल्या बाजूला ते समजलं होतं. दुसऱ्या बाजूला दंड थरथरायला लागले, डोळ्यांपुढं काळोखी आली, दांडे जवळजवळ आले आणि धावजी म्हणाला, "झालं." कट् काही आलं नव्हतं. लोक बघत होते, ऊन चढलं होतं, आणि पुन्हा दाबायची त्याच्यात ताकद नव्हती. एवढंच.

ताकद कुठं गेली ते त्याला ठाऊक नव्हतं. साखर जुनीच होती, गोळ्या चालू होत्या. पोट पुढे आलं होतं आणि हातपाय वाळले होते. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालायची. दुपारी जेवून पडला की दिवेलागणीपर्यंत उठायचा नाही, आणि उठल्यावर पडला होता त्याहून दमलेला असायचा. रात्री भिंतीकडं तोंड करून निजायचा. कांताबाई काही विचारायची नाही. ती विचारत नाही याचंच त्याला ओझं वाटायचं.

पुढच्या वेळी साखरेच्या गोळ्या आणायला पुसदला गेला तेव्हा कांताबाई सोबत होती. डॉक्टर मैत्रेयी मॅडमच्या खोलीच्या दारात तो थांबला.

"तू बाहेर बस."

"काहून? मी तं दरवेळी येतो आत."

"बस म्हनलं न."

आत गेल्यावर तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलला. हाताचं सांगितलं, झोपेचं सांगितलं. मॅडमनी पुढचं स्वतःच विचारलं, सरळ, खोकल्याबद्दल विचारावं तसं. धावजीने कॅलेंडरवरची एकादशी शोधत मान हलवली. नाही. बरेच महिने झाले, नाही.

दोनदा रक्त दिलं. दोन्ही वेळा सकाळी उपाशीपोटी, पहिल्या गाडीने येऊन. मग मॅडम म्हणाल्या, "धावजीभाऊ, पुरुषाच्या अंगात एक द्रव्य असते. टेस्टोस्टेरॉन म्हणतात. दाढी, दंड, इच्छा, उमेद, सारं त्याच्यावर चालते. तुमचं फार कमी झालं आहे."

"थे कुठी तयार होते?"

मॅडमनी सांगितलं.

धावजीला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. खच्ची केलेला गोऱ्हा सहा महिन्यांत कसा होतो, ते त्याने उभ्या जन्मात पाहिलं होतं. मान उतरते, वशिंड ढिलं पडतं, अंगावर चरबी धरते, आणि कोणी ओढलं तिकडं मुकाट जातो.

"म्हंजे मी आता बैल झालो."

"नाही हो. बैलाचं मुळातून जाते. तुमची विहीर आटली आहे, बुजली नाही."

"बैलायची हाय लागते का, मॅडम? लोकं म्हनून राह्यले."

मॅडम हसल्या नाहीत. "हाय लागली असती तर फक्त तुम्हाला लागती. माझ्याकडे बँकेतले साहेब येतात, मास्तर येतात. त्यांनी कधी चिमटा धरला होता? साखर आणि पोटाची चरबी ते द्रव्य कमी करतात. ते कमी झालं की चरबी अजून वाढते आणि साखर अजून ऐकत नाही. एकात एक गुंतलेलं आहे."

मग त्या द्रव्याच्या सुईचं बोलणं झालं. आधी लघवीच्या पिशवीखालची गाठ, प्रोस्टेट, तपासायची, रक्त घट्ट तर होत नाही ना ते मधून मधून बघायचं. सुईने उमेद येईल, पोट थोडं उतरेल, कदाचित साखरही थोडी ऐकेल. पण साखरेची गोळी सुटणार नाही, चालणं सुटणार नाही. "आणि पंचविशीतला धावजी परत येईल असं मी सांगत नाही," मॅडम म्हणाल्या.

"थो कोनाले पायजे," धावजी म्हणाला. "मले चिमटा दाबता आला का झालं."

बाहेर आल्यावर कांताबाईने विचारलं, काय म्हणाल्या. "ताकदीची सुई देतो म्हनल्या." तिने पुढं विचारलं नाही.

कार्तिक गेला. सुई झाली, नंतर आणखी एक झाली. पहाटे तो नाल्यापर्यंत चालून यायचा. पाय दुखायचे, जायचा. गुळाचा चहा कांताबाईने बंद केला, तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पायजम्याची नाडी थोडी आत आली. दुपारची झोप कमी झाली. एकदा कांताबाईच्या कुठल्याशा बोलण्यावर तो मोठ्याने हसला, तशी ती हातातला तवा धरून त्याच्याकडं बघतच राहिली. पण थकवा गेला नव्हता. कोपऱ्यात सरकून बसला होता, एवढंच. गोठ्यामागे कोणी नसताना धावजी रिकामा चिमटा मिटून पाहायचा. कधी मिटायचा, कधी शेवटचं बोटभर अंतर राहून जायचं.

मार्गशीर्षात बापूजींचा सांगावा आला. धावजीने चिमटा घेतला तशी कांताबाईने दोर उचलला.

"तुले कायले यायचं तथी?"

"दोर कोन धरीन?"

बापूजींच्या खळ्यात त्यांचा सालदार बाबुलाल आणि आणखी दोघे तयारच होते. गोऱ्हा पाडला, पाय बांधले. चालीप्रमाणे घरातल्या बाया आत गेल्या आणि दार लोटलं. गोऱ्हा पाडला की बाईमाणसानं तिथं थांबायचं नसतं. कांताबाई दोर धरून उभीच.

"कांताबाई, आत जा न," बापूजी म्हणाले.

"आत काय करू? चहा तं तुमी पाजत नाई."

धावजीने नस चाचपली, चिमट्यात धरली आणि दाबायला लागला. दांडे आले, आले, आणि अडले. तळहातात काहीच नाही. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. बापूजींची नजर त्याला मानेवर जाणवत होती. जीभ उचलून "झालं" म्हणायला किती सोपं होतं!

"नाई झालं," तो म्हणाला. "माह्यानं व्हत नाई."

कांताबाईने दोर बाबुलालच्या हातात दिला, पदर खोचला, चिमट्याच्या पलीकडं उकिडवी बसली आणि दुसरा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"अवं, बाईनं हात लावते का?" बापूजी ओरडले.

"तुमचं हाड कोनं चोळलं, बापूजी? बाईनंच न? थे तं नाई बाटलं." मग धावजीकडे न बघता, हळू आवाजात, "दाबा जी. मले समदं मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"मी का आंधळी हाय? तुमी भित्तीकडं तोंड केलं तवापासून मालूम हाय. दाबा."

दोघांनी दाबलं. दांडे जवळ आले, भिडले, आणि कट्. धावजीच्या हाताला समजलं. समोर कांताबाईच्या भुवया वर गेल्या, म्हणजे तिलाही समजलं. तरी तो लगेच उठला नाही. थोडा वेळ चिमटा तसाच धरून ठेवला, मग काढला, बोटांनी नस तपासली.

"झालं," तो म्हणाला.

बापूजी वाकून बघून आले. "दोघायनं मिळून एक नस तोडली," ते कुरकुरले. "आता दर येळी जोडीनंच येशीन का रे?"

"येईन. परवडत असन तं बलावजा."

बापूजींनी चोळून बऱ्या झालेल्या आपल्या खांद्याकडं पाहिलं, मग गोऱ्ह्याकडं. "नाल्यापलीकडं माह्या मेव्हन्याचे दोन हायेत," ते म्हणाले. "सांगून ठेवतो त्याले, बाई येते म्हनून."

गोऱ्ह्याचे पाय सोडले तसा तो धडपडत उठला आणि पाय फाकवून उभा राहिला. धावजी त्याच्याकडं जरा वेळ बघत राहिला, मग त्याने तोंड फिरवलं. उंबऱ्यावर टेकून साखरेची गोळी पाण्याबरोबर घेतली. चिमट्याच्या सांध्यात दोन थेंब तेल सोडलं, फडक्यानं पुसला, खांद्यावर टाकला.

कांताबाई दोर गुंडाळत पुढं निघाली होती. पाय ओढत तो तिच्या मागं नाल्याकडं चालू लागला.